उरलेल्या आठ कड्या

माझा धाकटा भाऊ शर्यतीत जुनी मोटरसायकल पळवतो आणि तिचं इंजिन मी बांधते. लोकांना वाटतं, अवघड काम त्याचं. अहो, त्याला निदान काहीतरी करायला असतं. मला कठड्यापाशी उभं राहून दर फेरीला जीव मुठीत धरायचा असतो, आणि वर चेहरा शांत ठेवायचा असतो. मी तशी भित्री नाही, पण इंजिनात काय काय तुटू शकतं हे मला नको इतकं माहीत आहे.

त्यात टायमिंग चेन माझी खरी वैरीण. बोटभर रुंदीची साखळी, इंजिनाच्या पोटातून वर जाते आणि वॉल्व वेळच्या वेळी उघडझाप करायला लावते. ती तुटली की वॉल्व पिस्टनवर आदळतात, इंजिन जाम होतं, मागचं चाक अडकतं आणि वरचा माणूस कुठे जाऊन पडेल ते देव जाणे.

या वेळी माझ्यापुढे दोन चेन होत्या. एक नवी, आजच्या कारखान्यातली. दुसरी पन्नास वर्षांपूर्वीची, गाडीच्या मूळ कंपनीची, मेणकागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली. आम्हा जुन्या गाड्यांच्या वेड्यांची एक खोड आहे, 'ओरिजिनल' म्हटलं की अक्कल गहाण पडते. मी जुनी घेतली. लांबी मोजली, आडवी धरून किती लवते ते पाहिलं, कडी न कडी भिंगातून तपासली. चेन ताणून धरणारा टेन्शनर मात्र हाताने पिळून बसवायचा, नवा लावला. जुना स्प्रिंगचा होता, तो गाडी जोरात पळताना मागे सरकतो आणि चेन ढिली पडते. तेवढी अक्कल शाबूत होती.

मापाबाहेरच्या आठ कड्या मी कापून काढल्या. खरं तर त्यातली एक पकडीत धरून तोडून बघायची असते. धातू आतून कसा आहे ते तेव्हाच कळतं. माझा हात धजावला नाही. इतकी दुर्मीळ वस्तू, मोडायची कशी? तुकडा तसाच खिशात टाकला.

"ताई, चेनशी गप्पा मारून झाल्या असतील तर गाडी दे माझी," भाऊ हातमोजे चढवत म्हणाला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "आणि आज कठड्यावरून फळ्यावर 'आत ये' लिहून दाखवलंस तरी मी शर्यत सोडून येणार नाही. आधीच सांगून ठेवतो. या वर्षी दोनदा बोलावलंस, दोनदा इंजिन उघडलं, दोनदा काही निघालं नाही. सगळे हसतात मला."

"नको येऊस. मर तिकडे," मी म्हटलं. आमच्यात असं बोलणं चालतं.

शर्यत बारा फेऱ्यांची होती. चौथ्या फेरीत तो दुसरा होता. माझा हात खिशात, तुकड्याशी चाळा चाललेला, पुढे वाकव, मागे वाकव. आणि बोटात काहीतरी कट्कन मोडलं.

बाहेर काढून पाहिलं. एका कडीची पट्टी तुटली होती. तुटलेली कड अर्धी चकचकीत होती, अर्धी काळी. चकचकीत भाग आत्ताचा. काळा म्हणजे तडा जुनाच, मेणकागदात बसल्या बसल्या आतून पडलेला, वरून भिंगालाही न दिसणारा. याच साखळीच्या उरलेल्या कड्या त्या क्षणी माझ्या भावाच्या मांड्यांमध्ये मिनिटाला हजारो वेळा ओढ खात होत्या.

शेजारी झेंडेवाले साहेब उभे होते. मी त्यांना तुकडा दाखवला, म्हटलं, थांबवा त्याला. ते म्हणाले, "बाई, गाडीतून तेल गळतंय का? धूर येतोय का? तुमच्या खिशातल्या तुकड्यावर मी झेंडा नाही दाखवू शकत." त्यांचंही चूक नव्हतं, पण त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी फळ्यावर खडूने 'आत ये' लिहिलं आणि कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळून तो धरला. पाचवी फेरी. त्याने मान हलवली, नाही. सहावी फेरी. मी दोन्ही हातांनी फळा नाचवला. त्याने पाहिलंच नाही. आता तो पहिला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

दोन मिनिटांनी तो पुन्हा समोरून जाणार होता. सकाळी त्याला काय बोलले ते आठवलं. असं काय लिहू की हा थांबेल?

आईच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. मावशी तिच्याजवळ होती. त्या दिवशी शर्यतीला येऊ की नको, यावर भाऊ रात्रभर जागला होता.

मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आई'.

समोरून जाताना त्याची मान वळली, वळलेलीच राहिली. पुढच्या वळणावर त्याने हात वर केला, कडेला झाला आणि उरलेली फेरी हळू हळू गाडी चालवत आत आला. त्या तीन-चार मिनिटांत मी किती वेळा मेले ते मोजलं नाही.

त्याने हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक होता. "कधी?" त्याने विचारलं.

"आई बरी आहे. आधी इंजिन बंद कर."

मी हात पुढे करून तुटलेली कडी दाखवली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. इंजिन बंद केलं, माझ्या पिशवीतून फोन काढला, घरी लावला. "मावशी, आईला दे," एवढं म्हणाला. आई फोनवर आली. "काही नाही गं, सहजच. जेवलीस का?"

फोन ठेवून तो टायरवर बसला. मी इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि चेन हाताने हळूहळू फिरवली. एक कडी समोर आली. तिची एका बाजूची पट्टी नव्हतीच. दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर केसाएवढा तडा होता, निम्म्यापर्यंत गेलेला. अजून एक फेरी, फार तर दोन.

त्याने वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. मला वाटलं आता हा मिठी मारेल, नाही तर शिव्या तरी देईल. दोन्हीला मी तयार होते.

"ताई," तो म्हणाला, "उद्या मी पळत असताना आईचं खरंच काही झालं, तर फळ्यावर काय लिहिशील?"