न तुटणारं बटण

बटण तुटलं की आपलं नाक कापलं गेलं, असं मानणारा एक टेलर होता. त्याने शिवलेल्या पँटला दोर बांधून एकदा बंद पडलेला ट्रक चढावर ओढत नेला होता म्हणे, आणि पँटचा मालक तेव्हा पँटच्या आतच होता. ट्रकचा बंपर निखळला, शिवण हलली नाही. हे सांगणारा टेलर स्वतःच, त्यामुळे शंकेला जागा नाही.

अशा माणसाच्या आठ वर्षांच्या लेकीच्या शर्टाचं बटण एका सोमवारी शाळेतून येता येता गायब झालं. घरात तिला रिळी म्हणत. "सुटलं," एवढंच ती म्हणाली. टेलरने दोऱ्याला चार शिव्या घातल्या आणि दुहेरी दोऱ्याने नवं बटण लावलं. मंगळवारी तेही गेलं. मग त्याने दोऱ्याला मेण चोळलं. बुधवारी गेलं, तेव्हा बूट शिवायचा दोरा आणला. पोर रोज सकाळी पोट धरून बसायची, डबा तसाच परत आणायची. पण कुठलं बटण गेलं, हे टेलर बारकाईने विचारायचा. कुणी नेलं, हा प्रश्न त्याच्या कारागिरीत बसत नव्हता.

रिळीचा काका म्हणजे सल्ल्यांचं फुकट दुकान. पोरांनी जरा टक्केटोणपे खावेत, आपणही शाळेत मार खाऊनच धीट झालो, असं तो सांगून गेला. इतका धीट, की अजूनही समोरून जुना वर्गमित्र आला तर तो रस्ता बदलतो.

गुरुवारी बूट शिवायचा दोराही हरला, तेव्हा टेलरने मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉन दोरा घातला. शुक्रवारी रिळी घरी आली ती बटणासकट. टेलर हरखला. बायकोला हाक मारणार, तर ती आधीच मुलीजवळ येऊन बसली होती. काज करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि कापडाआधी ती त्याच्या आतलं माणूस बघायची. तिने कॉलर बाजूला केली. मानेवर लालभडक वळ होता.

"अहो, बटण निघालं असतं तर पोर सुटली असती," ती म्हणाली.

टेलरचा चेहरा उतरला. आठवडाभरात पहिल्यांदाच तो शर्टाकडे न बघता लेकीशेजारी जमिनीवर बसला. बऱ्याच वेळाने एकेक गोष्ट बाहेर आली. वर्गाची मॉनिटर, जिला सगळ्या घाबरून ताईसाहेब म्हणत, मधल्या सुट्टीत रिळीकडून रोज एक बटण वसूल करी. टेलरची मुलगी, घरी ढीग असेल, त्यात काय एवढं, असा तिचा हिशोब. आज बटण येईना, म्हणून तिने शर्टाला धरूनच रिळीला भिंतीपर्यंत फरफटत नेलं.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज नवा दोरा आणत होता, बाबा. मला वाटलं, तुम्हाला मजा येतेय."

टेलरला आजवर हजारो सुया टोचल्या असतील. ही हाडापर्यंत गेली.

सोमवारी नवराबायको शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी समजावलं, की या शाळेत कुणी कुणाला छळत नाही, तसा फलकच फाटकावर लावला आहे. मुलगी जरा हळवी दिसते. आणि बटणं काय, तुटतातच.

टेलरने पिशवीतून शर्ट काढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि नम्रपणे म्हणाला, "तोडून दाखवा."

बाईंनी आधी चिमटीने ओढलं, मग दोन्ही हातांनी. मग शिपाई मदतीला आला, मग खेळाचे सर. ओढाताणीत टेलर खुर्चीसकट व्हरांड्यात पोचला, तरी बटण जागच्या जागी. घामाघूम झालेल्या बाईंना पटलं, की या घरची बटणं आपोआप पडत नसावीत. वळ दाखवून जे पटलं नसतं, ते असं पटलं. ताईसाहेबांचे आईवडील बोलावले गेले, मॉनिटरपद गेलं, बाकही बदलला.

रिळी मात्र अजून कुजबुजतच बोलायची. शर्टाला आतून पत्रा लावावा, असं टेलरच्या मनात आलं. बायकोने नुसतं बघितलं, पत्र्याचा बेत बारगळला. तिने मापाची टेप रिळीच्या हातात दिली. आजपासून गिऱ्हाइकांची मापं रिळी घेणार, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही, असं तिने बजावलं.

पहिलं गिऱ्हाईक बेकरीवाला. तो एका पायावर रेलून उभा होता, आणि त्याला सरळ उभं राहा म्हणायची रिळीची हिंमत झाली नाही. पँटचा एक पाय वीतभर आखूड झाला. टेलरने ओठ चावत निमूट नवं कापड कापलं. रिळीला कुणी रागावलं नाही, फक्त बेकरीवाल्याचं माप तिलाच पुन्हा घ्यायला लावलं. या वेळी "सरळ उभे राहा" हे शब्द निघाले, डासाच्या आवाजात का होईना. महिन्याभराने तोच आवाज एका फौजदाराला बजावत होता, की पोट आत ओढू नका, खोटं माप येतं. फौजदाराने पोट सोडलं, आणि दुकानात उजेड कमी झाला.

एका संध्याकाळी रिळीने शिलाई मशीनशेजारी उभं राहून सांगितलं, की आज शाळेच्या व्हरांड्यात ताईसाहेबांनी पुन्हा बटणाकडे हात नेला. टेलरचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. रिळी म्हणाली, की आपण दुकानातल्या आवाजात "हात खाली घे" म्हटलं. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला, हात खाली गेला. मग तसंच जाऊन वर्गाच्या बाईंना सांगितलं.

"मग?" टेलरने विचारलं.

"मग काय, गणिताचा तास होता," रिळी म्हणाली, आणि दारात ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला तिने आत बोलावलं.