लाथ शेठची, 'र' माझा

मित्रांनो, मी टेंभुर्णीच्या बाजारातला एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा असलो तरी डूख धरण्यात नागाला मागे टाकीन.

रझाकारांचा धाक सरला, बाजार पुन्हा भरू लागले, तेव्हा जाफराबादच्या एका टिनवाल्याने रॉकेलच्या डब्यातून मला घडवलं. गोजरबाईने मला घेतलं आणि बाजाराच्या तोंडाशी, चिंचेखाली बसून हाक दिली, "गोजरबाईची गावरान गाजरं, गोड गोड गाजरं." तो 'ग' असा उड्या मारत जायचा की रस्त्यावरचे बैल गाडीवानाला न विचारता वळायचे.

शेजारी रामनिवास शेठचं रेवडीचं दुकान. त्यांना हे बघवेना. संक्रांतीच्या तोंडावर त्यांनी वजन वापरून गोजरबाईला गुरांच्या बाजारामागे हलवलं. वर मला लाथ घातली.

"आता म्हशींला ऐकव तुझी गाजरं," शेठ म्हणाले.

माझा सांधा सुटला. गोजरबाईने माझ्यातून पोटभर शिव्या दिल्या. लोक हसले आणि विसरले. पण तिच्या एक ध्यानात आलं. 'र' आला की माझा सुटलेला पत्रा थरथरायचा आणि एका 'र'चे दहा व्हायचे.

"लाथ त्यायनंच दिली न्हाई का," ती मला म्हणाली. "मंग त्यायची त्यायला वापस करू."

शेठ तीळ चाळत नसत. कचकच साऱ्या गावाच्या दातांना ठाऊक होती, फक्त जिभेवर येत नव्हती. ती आम्ही आणली: "रामनिवासची रेवडी, रेताड रेताड रेवडी."

शिव्या विसरणारे लोक हे विसरेनात. पोरं त्यावर लंगडी घालू लागली. पार तिकडे शहागडला गोदावरीवर बायका त्याच ठेक्यात धुणं आपटू लागल्या. शेठच्या आई, लाडबाई, माळ ओढता ओढता तेच म्हणू लागल्या. संक्रांत गेली, रेवडीचा ढीग तसाच. मुंग्यासुद्धा वाळू बाजूला काढून खात होत्या.

शेवटी शेठ आले. "गोजरबाई, चूक झाली. चिंचेखालची जागा तुझी. तीळबी चाळतो. पण हे बंद कर."

"मी करते बंद, शेठ. लोकायच्या जिभेवरून कसं पुसू? तुमीच त्याच्यावर दुसरं कायतरी चढवा." तिने मला पुढे केलं.

भर बाजारात शेठनी मला तोंडाशी धरलं. "गोजरबाईची गावरान गाजरं..."

गोजर, गावरान, गाजरं. प्रत्येक 'र'ला मी जीव खाऊन थरथरलो. आणि सारा बाजार एका सुरात म्हणाला, "रेताड रेताड रेवडी."

मित्रांनो, पत्र्याच्या वस्तू जपा. सांधा सुटला तर वेळेवर डाख लावून घ्या. मला मात्र कोणी डाख लावू नका. शेठ अजून या रस्त्याने जातात.