कालव्यातून आलेलं स्थळ

इस्माइलियाच्या कालव्याकाठच्या आमच्या चहाच्या गच्चीवर जहाजं बघायला येणाऱ्या माणसाचा हिशेब तिसऱ्या जहाजापर्यंत लागून जातो. पहिलं जहाज आलं की तो ओरडतो, दुसऱ्याचा फोटो काढतो, तिसऱ्याला डबा उघडतो. डबा उघडला की माझ्या बाजूने तो बुडीत खाती जमा, कारण ज्याने घरून जेवण आणलं त्याने थर्मासही आणलेला असतोच. कालवा फुकट, वारा फुकट, आणि बसायला खुर्ची मात्र माझी.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी उम्म वग्दी जिना चढून वर आली तेव्हा मी तिला लगेच बुडीत धरून टाकलं. दोन्ही हातांत दोन पातेली, डोक्यावर फडक्यात बांधलेली फतीरच्या तुपाळ पोळ्यांची चवड, गळ्यात कुणाची तरी उसनी दुर्बीण, आणि काखेत गुलाबाच्या शरबताची बाटली. पण तिने दोन टेबलं जोडली, स्वतःच्या रुमालाने पुसली, चार चहा आधीच सांगून टाकले आणि पातेल्यांची झाकणं काही उघडली नाहीत. माणूस जेवण आणतो आणि झाकून ठेवतो, म्हणजे काहीतरी वेगळं आहे.

"सनिय्या," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आज माझ्या वग्दीला मुलगी बघायला येतेय."

"वग्दी सुट्टीवर आलाय? मला कसं कळलं नाही?"

"कुठली सुट्टी! करार संपायला अजून पाच महिने आहेत. पण त्याचं जहाज आज इथूनच जाणार. पहाटे पोर्ट सईदहून फोन आला. तो खालून जाईल, ती वरून बघेल. झाला कार्यक्रम!"

"अगं, पण अशी कोण मुलगी बघते?"

"तिचीच अट आहे. म्हणते, खरा माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. आणि आजच ठरवायचंय. संध्याकाळी दुसऱ्या स्थळाला उत्तर द्यायचंय त्यांना." तिने बाटली माझ्या हातात दिली. "ही ठेव. पाणी घालू नकोस हं. होकार आला तरच घाल."

मी बाटली बर्फात खोचली. इन्शिराह, म्हणजे हीच उम्म वग्दी, वग्दीची आई, मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तिचा नवरा सलामा, अल्ला त्याला जन्नत देवो, फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसायचा. फार भला माणूस. खिडकीतून त्याची फक्त टोपी दिसायची. वग्दीला मी तो शाळेत असताना पाहिलेला. पुढे तो जहाजावर स्वयंपाकी झाला. मधल्या काळात तो किती वाढला, हे मला ठाऊक नव्हतं. पण फळ झाडापासून फार लांब पडत नाही.

थोड्या वेळाने मुलीकडचे आले. पुढे हाजी मुतवल्ली, कस्सासीनकडे त्यांची आंब्याची बाग आहे. मागे त्यांची बहीण तहानी, आणि तिच्या मागे मुलगी, रबाब. गच्चीच्या दारातून आत येताना रबाब सवयीने वाकली. ते दार काही ठेंगणं नाही.

तहानीने ताबडतोब खुर्ची ओढली. "बस. दमली असशील."

"मी कुठे दमले, आत्या?"

"बस म्हणते ना!"

रबाब बसली. तिचे गुडघे टेबलाला खालून लागले आणि माझे चहाचे पेले हलले. उम्म वग्दी तेव्हा हाजींना सलाम करण्यात गुंतलेली होती, तिच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पेले माझे होते.

मग उम्म वग्दीने फोन काढून वग्दीचे फोटो दाखवायला सुरुवात केली. मी चहा ठेवता ठेवता बघून घेतले. वग्दी मोटरसायकलवर बसलेला. वग्दी न्हाव्याच्या खुर्चीत. वग्दी जेवायच्या टेबलाशी. वग्दी विमानात, खिडकीजवळ. चेहरा हसरा, मिशी नीट कातरलेली, डोळे आईचे. सगळं चांगलं. पण असं वाटावं, की या पोराला अल्लाने उभं राहायची परवानगीच दिलेली नाही.

"फोटोवर काय जायचं," हाजी म्हणाले. "फोनमध्ये आमच्या म्हशीचंसुद्धा तोंड गोड दिसतं."

"बाबा!"

"म्हशीला नावं ठेवत नाहीये मी. चांगली म्हैस आहे." आणि त्यांनी खुर्ची कालव्याकडे फिरवली. त्या माणसाला मुलीच्या लग्नापेक्षा जहाजांचं वेड जास्त. "हे काय नेत असेल हो? मोटारी? एवढ्या मोटारी घेतं तरी कोण?"

तहानी साखर मागायच्या निमित्ताने माझ्याकडे आली. पण साखर टेबलावरच होती. तिला बोलायचं होतं.

"तुम्हीच सांगा," ती हळूच म्हणाली, "ते दुसरं स्थळ, महरूस, त्याचं स्वतःचं टाइल्सचं दुकान. फ्लॅट तयार, पडदेसुद्धा लागलेत. आणि त्याने तिच्या... म्हणजे, त्याने कशालाच नावं ठेवली नाहीत. याआधी चार ठिकाणी नावं ठेवलीत हो लोकांनी. उठून उभी राहिली की पाहुण्यांचा चेहरा बदलायचा. आता हा समुद्रावरचा मुलगा हिला कशाला हवाय?"

"मुलीला काय वाटतं?"

"तिला वाटतं तो हसवतो. रोज फोनवर हसवतो म्हणे."

रबाबचे कान तिखट होते. तिथूनच म्हणाली, "हसवतोच. पण लग्न झाल्यावर सहा सहा महिने फोनवरच संसार करायचा आहे, आत्या. म्हणून एकदा तरी फोनबाहेरचा बघते. महरूस तर मला बघायला आला तेव्हा घड्याळाकडेच बघत होता."

"दुकान उघडायचं होतं बिचाऱ्याला!"

मी पेले उचलले आणि मनात मांडणी करून टाकली. दोन्ही पक्षांनी आपापला एकेक रकाना झाकून ठेवला होता. एकीकडे वीतभर कमी, दुसरीकडे वीतभर जास्त. बेरीज मला दिसत होती. पण बेरीज सांगणं हे माझं काम नाही, मी चहावाली.

जहाजं येत राहिली. एकावर कंटेनरांची चवड, एक तेलाचं, बुडाशी लाल. प्रत्येकाला उम्म वग्दी अर्धी उठायची, दुर्बीण लावायची आणि "नाही, हे नाही, आमचं निळं आहे" म्हणून बसायची. गच्चीवर इतर माणसंही होती. झगाझीगहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं, त्यांच्या बायकांनी काय चाललंय ते विचारून घेतलं, आणि मग त्याही निळ्या जहाजाची वाट बघू लागल्या. एकीने तर डबा उघडता उघडता बंद केला.

"ते बघा!" शेवटी हाजीच ओरडले. "निळं! धान्याचं दिसतंय!"

डावीकडून, वाळूच्या कडेकडेने निळं जहाज सरकत आलं. उम्म वग्दीने दुर्बीण डोळ्यांना लावली. "मागे, अगदी मागच्या टोकाला उभा राहीन म्हणालाय. पिवळं फडकं घेऊन."

जहाजाच्या मागच्या टोकाचा कठडा गजांचा नसतो, पत्र्याचा असतो, भरीव. त्यामागे उभ्या माणसाचं अर्धं अंग झाकलं जातं. ती जागा निवडायची अक्कल त्याला कुणी दिली, हे मला इन्शिराहच्या तोंडाकडे बघून कळलं.

जहाजाचं मागचं टोक समोर आलं. तिथे तीन माणसं होती. मधला पिवळा एप्रन हलवत होता. आणि मधला माणूस बाजूच्या दोघांपेक्षा इतका उंच होता, की ते दोघे त्याच्या काखेत उभे आहेत असं वाटत होतं.

"माशाल्ला!" हाजी म्हणाले. "हा माणूस आहे की खजूर?"

"बापावर गेलाय," उम्म वग्दी बेधडक म्हणाली. मी खोकले. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तहानीचं तोंड पडलं होतं. रबाबने दुर्बीण घेतली आणि बसल्या बसल्याच डोळ्यांना लावली. "हसतोय," ती म्हणाली. "फोनमध्ये हसतो तसाच हसतोय." आणि मग, "पण एवढा उंच असून कधी बोलला कसा नाही?"

"लाजाळू आहे," आई म्हणाली.

आणि पिवळा एप्रन नाहीसा झाला.

म्हणजे अगदी एका क्षणात. होता, आणि नाही. बाजूचे दोघे खाली वाकले. "वग्दी!" म्हणून इन्शिराह किंचाळली. आणि रबाब उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलंही नाही. ती उठली आणि उठतच गेली, आणि पूर्ण उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावरच्या लाल रुमालाच्या वर फक्त आकाश होतं.

"बस!" तहानी दबक्या आवाजात म्हणाली. तिला ऐकू गेलं नाही.

कठड्यामागून आधी पिवळं फडकं वर आलं. मग केस. मग कपाळ, डोळे, मिशी, हनुवटी. आणि तिथे थांबलं. मी वाट बघितली, अजून वर येईल म्हणून. आला नाही. तेवढाच होता. बाजूचे दोघे आता चांगले धिप्पाड दिसत होते.

"चढ!" उम्म वग्दी कालव्याकडे हात करून ओरडली. "अरे गाढवा, चढ ना परत!"

मग तिने स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द गेले ते गेले.

तहानी सावकाश वळली. "कशावर चढायचं त्याने, उम्म वग्दी?"

झगाझीगच्या बायका रुमालाआड हसत होत्या.

तिकडे वग्दीने पंजा आडवा केला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. मग तोच पंजा सरळ रेषेत बाजूच्या माणसाच्या खांद्यापर्यंत नेला. म्हणजे, बघा बाई, मी इतकाच. आणि खांदे उडवून हसला.

रबाबने दुर्बीण टेबलावर ठेवली. आपला लांब हात उचलला, पंजा आडवा केला, आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणजे, मी इतकी.

निळ्या जहाजावर वग्दीने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले आणि बाजूच्या माणसाला मिठी मारली. जहाज पुढे सरकलं. पिवळा एप्रन लहान होत होत गेला, पण हलायचा थांबला नाही.

आता उम्म वग्दीने मान वर करून रबाबकडे बघितलं. बघतच राहिली. "बाई गं," ती म्हणाली, "बसलेली तू वेगळीच दिसत होतीस."

"तुमचा मुलगाही बसलेला वेगळाच दिसतो," तहानी म्हणाली.

"खोका भक्कम आहे म्हणाला होता मला तो!"

"खोका होता तर!"

हाजी मुतवल्लींनी सकाळपासून पहिल्यांदा जहाजांकडे पाठ केली आणि ते असे हसायला लागले की त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. नुसतं पाणी. शरबताच्या बाटलीला अजून हात लावला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. उम्म वग्दीने बटण चुकीचं दाबलं, आणि सगळ्या गच्चीला ऐकू जायला लागलं.

"काय सांगितलं होतं मी तुला? उतरायचं नाही म्हटलं होतं ना?"

"उतरलो नाही गं आई, पडलो! टोमॅटोचा खोका होता, तळच गेला. कंबर धरलीये. ती लाल रुमालवाली तीच ना?"

रबाबने होणाऱ्या सासूच्या हातातून फोन काढून घेतला. "लागलं का?"

पलीकडून वग्दी म्हणाला, "तू उंच आहेस."

"तू नाहीस."

"खोका मोडला."

"ते दिसलं. तो मोडला नसता तर?"

"तर मी अजून त्याच्यावरच असतो, खोटं कशाला बोलू. आईचा हुकूम होता." मागे कुणीतरी हसलं. "पण दुसरा खोका बाजूलाच होता. कांद्याचा. हे दोघे म्हणत होते, चढ लवकर, अजून जहाज समोर आहे."

"मग?"

"मग काय? तूच म्हणाली होतीस ना, फोनबाहेरचा माणूस बघायचाय. आयुष्यभर किती खोके पुरवणार मी?"

रबाबने फोन वडिलांच्या हातात दिला आणि सरळ माझ्या ठेल्याशी आली. उभी, ताठ, एकदाही न वाकता.

"मावशी, तुमच्याकडे एक बाटली ठेवलीये म्हणे."

"ठेवलीये."

"गार पाणी आहे ना? मोठं भांडं द्या. मी ढवळते."

मागे उम्म वग्दीने, लग्नघरी बायका फोडतात तशी, जी किलकारी फोडली, ती निळ्या जहाजापर्यंत पोचली असणार. झगाझीगच्या बायकांनी ती उचलून धरली, आणि हाजी फोनमध्ये जावयाला विचारू लागले, "ते धान्य कोणतं रे बाबा? गहू की मका?"

तहानी कपाळाला हात लावून बसली होती. "महरूसच्या आईला मी काय सांगू आता?"

"सांग, शरबत ढवळून झालं," रबाब म्हणाली आणि पहिला पेला आत्याच्याच हातात दिला. तहानीने नाक मुरडलं, एक घोट घेतला, आणि मग सगळाच संपवला.

उम्म वग्दीला मात्र अजून चैन नव्हती. तिने रबाबचा दंड धरला. हात वर करून धरावा लागला. "हे बघ पोरी, एक गोष्ट ऐक. लग्नाच्या फोटोत तू बसशील, आणि तो मागे उभा राहील. लोकांची तशीच पद्धत असते."

"नाही. दोघंही उभे राहणार."

"सगळ्यांच्या देखत?"

"सगळ्यांच्या देखत."

इन्शिराहने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा पुन्हा पाहून घेतलं आणि मोठा उसासा सोडला.

"मग मी तरी बसते बाई," ती म्हणाली, माझी सगळ्यात भक्कम खुर्ची ओढून तिच्यात बसली, आणि पातेल्यांची झाकणं उघडली.