ठरवून

अमरावतीच्या कचेरीत साहेबाला मराठी जबान्या इंग्रजीत करून देणारे एकच कारकून होते, मोरोपंत. सातासमुद्रापलीकडच्या लढाईने कापसाला सोन्याचे दिवस आले, बाजारात भांडणे वाढली आणि पंतांचे कामही वाढले. आपल्या इंग्रजीचा त्यांना मोठा अभिमान होता.

मोर्शीकडचा शेतकरी नत्थुजी याने बैल हाकायच्या काठीने, तुतारीने, एका दलालाचे डोके फोडले होते. जबानीत तो म्हणाला होता, “मी ठरवूनच गेलो होतो.” पंतांनी त्यावर झोकात शब्द लिहिला, ‘प्रीमेडिटेटेड’. साहेबाने तो वाचला आणि म्हणाला, आधी बेत करून मारले असेल तर दोन वर्षे सक्तमजुरी.

पंत चपापले. त्या शब्दाने गुन्हा एवढा वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. आणि हा माणूस काय ठरवून गेला होता, हे आपण विचारलेच नाही. त्यांनी उभे राहून एक प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली.

“नत्थुजी, तुम्ही काय ठरवून गेला होता?”

“कापूस वापस न्याचं,” नत्थुजी म्हणाला. “त्यानं ओला म्हनून भाव पाडला, म्हनून. मंग त्यानं माह्यासमोर माह्या बायकोले शिवी देल्ली. तवा हात उठला. ते कोनी ठरवते का?”

साक्षीला आलेल्या दलालाच्याच हमालाला साहेबाने विचारले. शिवीगाळ झाली होती, असे त्यानेही कबूल केले.

“म्हणजे तुमचे भाषांतर चूक?” साहेबाने पंतांकडे पाहिले. सगळी कचेरी ऐकत होती. हो म्हटले तर नोकरीवर गदा येऊ शकत होती.

“शब्द बरोबर आहे, साहेब. मी तो चुकीच्या जागी बसवला. बेत कापूस परत नेण्याचा होता, मारण्याचा नव्हता.”

साहेबाने तो शब्द स्वतःच्या हाताने खोडला. नत्थुजीला महिनाभराची कैद झाली, आणि पंतांना सर्वांसमोर ताकीद.

बाहेर नत्थुजीची बायको मैनाबाई उभी होती. आत काय झाले ते तिला हमालाने सांगितले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “पंत, तुमी आमच्या मनातली गोठ समजून घेतली.”

इंग्रजीबद्दल पंतांचे पुष्कळ कौतुक झाले होते. पण त्या दिवशी घरी जाताना त्यांची मान जितकी ताठ होती, तितकी कधीच नव्हती.