पाडव्याचा गूळ

गुणमालेला आता सगळ्याचाच कंटाळा आला होता. दम लागण्याचा तर होताच, पण दम लागल्यावर जे जे होई त्याचा जास्त. पाठीशी उशांची चळत लावायची, खिडकी उघडायची, नणंदेनं सुंठ कुटायला घ्यायची, शेजारणींनी दारातून डोकावून "लागला का गं परत?" म्हणायचं, आणि आपण नुसती मान हलवायची, कारण बोलण्याइतका श्वास छातीत नसे. चार वर्षं हेच चाललं होतं.

तिचा नवरा धरणेंद्र सांगलीच्या यार्डात गुळाचा अडत्या होता. खाली दुकान, माडीवर घर. हंगामात शेतकऱ्यांच्या ढेपा त्याच्याकडे उतरायच्या आणि लांबलांबचे खरेदीदार त्या बघायला यायचे. गुळाला चव असते हे त्या यार्डात कुणाला फारसं आठवत नसे, भाव मिळायचा तो रंगाला. ढेप सोन्यासारखी पिवळी दिसली की दलालांचे डोळे चमकत, आणि काळपट दिसली की तेच डोळे आढ्याकडे वळत. हा पिवळेपणा यायचा हायड्रोस पावडरीनं. उकळत्या काहिलीत मूठभर टाकली की रस उजळायचा. पावडरीचा डबा उघडला की विझलेल्या काडीसारखा उग्र वास नाकात शिरायचा. ते डबे शेतकऱ्यांना धरणेंद्रच दुकानातून द्यायचा. त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं, कारण सगळेच अडते देत होते.

घरात मात्र पहिल्या नंबरचाच माल चढायचा. "लोकांना उत्तम विकायचं आन् आपण गाळ खायचा, ही कसली रीत?" असं तो म्हणे. साखर रेशनवर, तीही मोजून मापून, त्यामुळे चहात गूळ, आमटीत गूळ, पोळीत गूळ. दम लागला की आक्काताईंचा काढा, त्यातही गूळ. आक्काताई म्हणजे धरणेंद्रची थोरली विधवा बहीण. मनानं प्रेमळ, पण हात फार सढळ. सुंठ, मिरी, तुळस आणि मुठीएवढा पिवळाजर्द गूळ घालून त्या काढा उकळत. तो घेतल्यावर थोड्या वेळानं दम आणखी चढायचा, आणि आक्काताई हळहळत म्हणायच्या, "गूळ कमी पडला बघ आज."

डॉक्टरांनी धूळ टाळा म्हणून सांगितलं. यार्डात राहून धूळ टाळायची म्हणजे नदीत उभं राहून पाय कोरडे ठेवण्यातला प्रकार. इंजेक्शनं झाली, गंडेदोरे झाले. गुण आला तो एकाच गोष्टीचा, उपासाचा. ज्या दिवशी पोटात काही जायचं नाही त्या दिवशी गुणमाला सरळ आडवी होऊन झोपायची. मग ती अष्टमी-चतुर्दशीचे उपास धरू लागली, पुढे जैनांच्या दसलक्षण पर्वात ओळीनं दहाही दिवस केले. झालं, तिचं नाव गावभर झालं. पारण्याला वाजंत्री आली, मंदिरात बायका तिच्या पाया पडू लागल्या. तिला वाटायचं, यांना ओरडून सांगावं, बायांनो, मला पुण्यबिण्य काही नको होतं, मला फक्त आडवं होऊन झोपायचं होतं. पण ओरडायला श्वास कुठला? ती पाय पुढं करून बसायची आणि मनातून लाजेनं अर्धी व्हायची.

अंगावर मांस राहिलं नव्हतं. अशानं एक तर दम नेईल, नाहीतर उपास नेतील, एवढं तिला कळत होतं.

त्या वर्षी चातुर्मासात मंदिरातले पंडितजीच म्हणाले, "बाई, उपास पुरे झाले. त्यापेक्षा रस सोडा. रोज एक." तो नियम सोपा होता. रविवारी मीठ नाही, बुधवारी तूप नाही, शनिवारी तेल नाही, असं वारावर वाटून घ्यायचं. मंगळवारी गोड सोडायचं. तिनं नियम घेतला आणि चार-सहा आठवड्यांत तिच्या ध्यानात आलं की मीठ सोडलं तरी दम लागतो, तूप सोडलं तरी लागतो, तेल सोडलं तरी लागतो. मंगळवारी लागत नाही.

आधी तिला वाटलं, मंगळवारी पुण्य जास्त लागत असेल. पण एका मंगळवारी तिला नुसती सर्दी झाली म्हणून आक्काताईंनी काढा पुढं केला. "औषधाला कसला आलाय नियम?" म्हणाल्या. पेला रिकामा झाला आणि थोड्याच वेळात छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. उशांना टेकून श्वास ओढता ओढता गुणमाला त्या पेल्याकडे बघत राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला भीती वाटली नाही, नुसता संताप आला. संताप पण दमून गेलेला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत धरणेंद्र जेवायला बसला, तेव्हा तिनं विषय काढला.

"आवं, मला गूळ सोसत न्हाई."

तो हसला. "कुणाला? गुळवाल्याच्या बायकोला?"

"म्हायेरचा सोसायचा. रहिमतपूरला आमच्या घरी काळा गूळ असायचा. ल्हानपणी डब्यात हात घालून खायचो आमी, कवा काय झालं न्हाई. हितला पिवळा सोसत न्हाई. त्या पावडरीनं हुतंय."

धरणेंद्रचा हात ताटातच थांबला. "मग काय भेंडीच्या पाण्यानं मळी काढत बसायचं पैल्यासारखं? असला रंग येतो का त्यानं? सारा मुलूख पोराबाळांसकट खातोय हा गूळ. कुणाला काय झालं?"

"मला झालं."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग हात धुऊन उठताना हळूच म्हणाला, "हे भाईर बोलू नगंस. आक्कालाबी न्हाई. पाडवा तोंडावर आलाय."

बस्स, एवढंच. विश्वास बसला की नाही, तेही कळू दिलं नाही. गुणमालेनं परत विषय काढला नाही. चहा बिनगुळाचा प्यायला लागली, आमटी टाळायला लागली. पण पाडवा कसा टाळणार?

दिवाळी पाडव्याला यार्डात नव्या गुळाचा मुहूर्त असे. धरणेंद्रच्या दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत होती. पहिली ढेप फोडायची, पहिला खडा घरच्या लक्ष्मीच्या हातावर ठेवायचा, तिनं तो सगळ्यांसमोर तोंडात टाकायचा, आणि मगच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायला सुरुवात व्हायची. गेल्या वर्षी तिनं खडा खाल्ला आणि वर जाताना जिन्यातच कोसळली. उपासानं चक्कर आली म्हणून लोकांनी हात जोडले. यंदा नियमाचा आडोसाही उरला नव्हता. जैनांचा चातुर्मास आदल्या दिवशी, अमावास्येलाच संपला होता. खावं तर छाती कुलूप लावल्यासारखी बंद होणार, आणि न खावं तर भर मुहूर्ताला नवऱ्याच्या मालाला बायकोनंच नाकारलं असं होणार.

पाडव्याला सकाळी ती नवं लुगडं नेसून खाली आली. दुकान गच्च भरलं होतं. पहिली ढेप दरवर्षीप्रमाणे वाळव्याकडच्या गुंडा पाटलाची होती आणि तो आपल्या बायकोला, बनुबाईला, घेऊन आला होता. बायकांसाठी टाकलेल्या जाजमावर बनुबाई गुणमालेला खेटून बसली. तिच्या श्वासाचा बारीक सूर गुणमालेला ओळखीचा वाटला.

"तुमालाबी दम हाय व्हय?"

"लय हाय, वयनी. गुऱ्हाळ सुरू झालं की लागतोय. धुरानं लागतोय म्हंत्यात."

"गूळ खाता?"

"आवं, गुऱ्हाळावर गूळ न्हाई खायचा तर काय खायचं?" बनुबाई हसली आणि हसता हसता खोकली.

गुणमालेच्या ओठावर शब्द आला होता. पण इतकी माणसं, आणि नवऱ्यानं घातलेली शपथेसारखी अट. शिवाय समजावून सांगायचं म्हणजे किती बोलावं लागणार! तिनं तोंड फिरवून ढेपेकडे बघितलं.

धरणेंद्रनं ढेप फोडली. आतला रंग बघून खरेदीदारांनी वाहवा केली, गुंडाची छाती फुगली. धरणेंद्र ताट घेऊन गुणमालेपुढं आला आणि मूठ तिच्या हातावर रिकामी करून त्यानं तिची बोटं लगेच मिटवली. असं तो कधी करत नसे. तिनं मूठ किलकिली केली. आत काळा खडा होता.

वास आला आणि तिला ओळख पटली. थोडा करपट, थोडा खारट, माहेरच्या डब्यातला. दिवाळीआधी तिचा भाऊ भूपाल एक गाठोडं थेट दुकानात देऊन गेला होता. तिला वाटलं होतं, भुईमुगाच्या शेंगा असतील. म्हणजे यानं माणूस धाडून मागवला होता! याला पटलं होतं! तिचे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तिचं म्हणणं खरं वाटलं होतं, आणि ते कुणी दुसऱ्यानं नाही, यानं मानलं होतं. तिनं अर्धा खडा मोडून तोंडात टाकला. दुकानात टाळ्या पडल्या.

धरणेंद्रनं पिवळ्या गुळाचं ताट शेजारी सरकवलं. "घ्या बनुबाई. तुमच्याच रानातला हाय."

खोकत खोकत बनुबाईनं हात पुढं केला. धरणेंद्रला तो खोकला ऐकू आला होता. गुणमालेनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो बनुबाईकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. तोंडातला गूळ गुणमालेला एकाएकी कडू लागला. याला सगळं ठाऊक आहे, आणि तरी हा ताट पुढं करतोय.

तिनं बनुबाईचं मनगट धरलं. "त्यो नगा. ह्यो घ्या." उरलेला अर्धा खडा तिनं बनुबाईच्या हातावर ठेवला.

"आगं बाई, ह्यो तर काळा हाय!" बनुबाईचा आवाज मुळातच मोठा. सगळ्या माना वळल्या.

एक खरेदीदार म्हणाला, "काय शेठ, घरी काळा खाता व्हय तुमी?"

गुंडा पाटील पुढं आला. बायकोच्या हातावरचा खडा त्यानं बघितला, मग आपल्या फोडलेल्या ढेपेकडे बघितलं. "शेट," तो हळू आवाजात म्हणाला, "आमचा गूळ तुमी खात न्हाई व्हय?"

धरणेंद्रनं गुणमालेकडे नजर टाकली. ती नजर गयावया करत होती. नियम आहे म्हण, व्रत आहे म्हण, काहीही म्हण. तिनं तेवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. चार वर्षं तिच्या नावावर न केलेलं पुण्य जमा झालंच होतं, त्यात आणखी थोडं. पण तिला आता त्याचाही वीट आला होता.

"मीच खात न्हाई, पाटील," ती म्हणाली. "मला पिवळा सोसत न्हाई. त्यातल्या पावडरीनं माझा श्वास कोंडतोय. काळा खाल्ला तर न्हाई कोंडत. बनुबाईलाबी त्यानंच हुत आसंल, धुरानं न्हाई. तिला चार दिवस काळा देऊन बघा."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, एवढं सगळं आपण मध्ये न थांबता बोललो.

गुंडाची नजर ढेपेवरून कोपऱ्यात रचलेल्या डब्यांकडे गेली. "आन् ती पावडर तुमीच तर देता आमाला, शेट," तो म्हणाला. रागानं नाही, खरंच कोड्यात पडल्यासारखा.

धरणेंद्रनं रिवाजाप्रमाणे हातावर रुमाल पसरला होता आणि तो हात तसाच पुढं धरून तो उभा होता. बनुबाईनं काळा खडा तोंडात टाकला. गुणमाला जाजमावर टेकून बसली, खूप थकल्यासारखी, पण श्वास अगदी नीट चालला होता. रुमालाखाली हात घालायला कुणीच पुढं आलं नाही.