हात थांबतो तिथे

"काका, मध्येच हात थांबवू नका ना!"

"थांबलो कुठे? चालूच आहे की."

पुतणीने डिंकाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल उचलला आणि नुकतंच टिपलेलं त्यांच्यापुढे धरलं. वेतवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. खुर्चीची रिकामी चौकट, तिच्या कडेने पाडलेली भोकं आणि भिजवलेल्या वेताची पट्टी वरून भोकात सरकवणारा एक म्हातारा हात. पट्टी आत गेली आणि हात तसाच राहिला. ओढेना, सोडेना. मग भानावर आल्यासारखा खुर्चीखाली गेला आणि त्याने पट्टीचं टोक ओढून घेतलं. पुढच्या भोकाशी पुन्हा तेच.

"बघितलंत? प्रत्येक भोकाला थांबताय. लोक असले व्हिडिओ अंगठ्याने ढकलून देतात. एवढा धीर कुणाला असतो?"

"मग आता काय करायचं?"

"मी कापते तेवढं. फुकटचं ॲप आहे."

वेतवाल्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. हात का थांबतो, ते पडद्यावर बघताक्षणी त्यांना कळलं होतं. आजवर कळलं नव्हतं, कारण काम करताना स्वतःच्या हातांकडे कोण बघत बसतं?

दुकानाचं पेज काढायची कल्पना पुतणीचीच. ती एका कंपनीत हिशेबाचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी काकांकडे यायची. तिचे वडील, म्हणजे वेतवाल्यांचे धाकटे भाऊ, यांचं म्हणणं वेगळं होतं. "दादा, कशाला जीव अडकवून बसतोस त्या दुकानात? प्लॅस्टिकच्या जमान्यात वेत विणून घेतंय कोण? भाडेकरार संपला की सरळ माझ्याकडे ये. एक खोली आहे, टीव्ही आहे, आराम कर." भाऊ मनापासून बोलत होता, म्हणून तर त्याला उत्तर देणं अवघड होतं. वेतवाल्यांना आरामाचीच धास्ती होती. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. दुकानात निदान हात गुंतलेले असायचे. त्या खोलीत टीव्हीसमोर बसलो तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ती नव्याने मरेल, असं त्यांना वाटायचं. पण हे भावाला कोणत्या तोंडाने सांगणार? ते एवढंच म्हणाले, "काम आलं तर राहतो. नाही आलं तर येतो."

काम येत नव्हतं.

म्हणून पुतणीने पदर खोचला. जाहिरातीला पैसे नव्हते, तेव्हा फुकट ते पौष्टिक हे तिचं धोरण. दिवा नको, खिडकीचा उजेड पुरे. कॅमेरा नको, तिचा जुना मोबाईल आहे. रोज ठरलेल्या वेळेला काहीतरी टाकायचं, चेहरा नाही दाखवला तरी चालेल पण हात दिसले पाहिजेत, आणि कुणी काही लिहिलं तर उत्तर द्यायचं. वेतवाल्यांना यातलं शेवटचं कलम फार आवडलं. कुणी बदाम पाठवला तरी ते एका बोटाने टिपून लिहायचे, "नमस्कार. आपला बदाम मिळाला. घरी सगळे बरे आहेत ना?"

"काका, बदामाला एवढं लिहीत नाहीत!"

"अगं, माणूस दारात आला तर बस म्हणायला नको?"

दारात कुणी येत नव्हतंच. पुतणीने कापून चटपटीत केलेले व्हिडिओ लोक बघत आणि पुढे जात. त्यांतले वेतवाल्यांचे हात इतके भराभर चालत की ते त्यांचे त्यांनाच ओळखू येत नसत. शेजारचा चष्मेवाला म्हणालाच, "काय हो, या वयात हे यंत्र कधी बसवून घेतलंत?" वेतवाले हसले. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र त्यांनी मोबाईल काढून तो व्हिडिओ पुन्हा बघितला. कापलेली जागा कुठे आहे, ते त्यांना बरोबर समजत होतं. तिथे पट्टीला एक बारीकसा झटका बसायचा.

मग पुतणीला कंपनीने महिनाभरासाठी दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं. जाताना ती बजावून गेली, "काका, खंड पडू देऊ नका. खंड पडला की लोक विसरतात." वेतवाल्यांनी मोबाईल डब्याला टेकवला, बटण दाबलं, डुलखुर्चीची पाठ विणायला घेतली. कापायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. जे टिपलं गेलं, ते तसंच्या तसं टाकून दिलं.

कशाने कोण जाणे, त्या व्हिडिओवर माणसांची झुंबड उडाली.

"काकांचं नेट गेलं वाटतं," एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "मलाही वाटलं मोबाईल अडकला." कुणी म्हणालं, "किती दिवसांनी कुणीतरी घाई न करता काम करताना दिसलं." एका बाईने लिहिलं, "झोप लागत नव्हती, हे बघता बघता लागली." वेतवाले सकाळपासून उत्तरं देत बसले. झोप न येणाऱ्या बाईंना त्यांनी लिहिलं, "नीट झोपत जा. तब्येतीपुढे काही नाही." नेटवाल्याला लिहिलं, "नेट चालू आहे. आभारी आहे." एका मुलीने विचारलं होतं, "काका, प्रत्येक वेळी थांबता ते कुणाची वाट बघता?" त्यांनी बोट वर नेलं, खाली आणलं आणि तेवढं सोडून पुढच्या माणसाकडे वळले.

आणि खुर्च्या यायला लागल्या. माळ्यावर पडलेल्या, आजोबांच्या, लग्नात मिळालेल्या, मांजराने ओरबाडलेल्या. एका कॉफीच्या दुकानाने तर अख्खा टेम्पो भरून पाठवल्या. आत जागा उरली नाही तेव्हा चष्मेवाल्याने कुरकुरत त्याच्या दारातली जागा दिली. भावाचा फोन आला. "दादा, जिंकलास तू," तो म्हणाला. करार पुढे चालू राहिला. वेतवाल्यांना आनंद झाला, खोटं कशाला बोला? त्या दिवशी त्यांनी वेत भिजवायची दोन्ही घमेली काठोकाठ भरली आणि ती भरताना शीळ घातली.

पुतणी परत आली ती थेट दुकानात. हातातली पिशवी खुर्च्यांच्या ढिगावर टाकून म्हणाली, "काका, मीच मूर्ख! सोन्यासारखी गोष्ट मी कापून फेकत होते. लोकांना ते थांबणंच आवडतंय. आता प्रत्येक व्हिडिओत थांबायचं. तीच आपली ओळख."

"थांबायचं म्हणजे?"

"आधी थांबत होतात तसंच. थोडं जास्त थांबलात तरी चालेल. आणि त्या मुलीला उत्तर द्यायचं नाही. राहू दे गूढ."

तिने मोबाईल लावला. वेतवाल्यांनी पट्टी भोकात घातली आणि थांबले. कधी सोडायचं? मनात आकडे मोजून पाहिले. हात अवघडला, जणू फोटोसाठी कुणीतरी मान वळवून बसवलंय.

"काका, जरा सहज!"

त्यांनी पुन्हा केलं. या वेळी हात थांबलाच नाही, सरळ खाली गेला. तिसऱ्यांदा थांबले तर पट्टी निसटली.

"नाही जमत गं," ते म्हणाले.

"अहो, इतके दिवस न सांगता करत होतात! आता सांगितल्यावर..."

"ते मी करत नव्हतो." वेतवाल्यांनी पट्टी घमेल्यात परत टाकली. "खाली तुझी काकू असायची."

पुतणीने वाकून चौकटीखाली पाहिलं.

"मी वरून पट्टी घालायचो, ती खालून ओढायची. ताण बसला की दोनदा हिसका द्यायची. म्हणजे, मिळाली, सोडा. मग मी सोडायचो. गिऱ्हाईक आलं की गुडघे झाडून उठायची, चहाला लागायची. सगळ्यांना वाटायचं, मी एकटाच विणतो. वर बसलेला दिसतो ना." ते थोडं हसले. "ती गेल्यावर हात आपला वाट बघत राहायचा, हिसक्याची. मलाही माहीत नव्हतं. तू व्हिडिओ दाखवलास तेव्हा समजलं."

पुतणीने मोबाईल उचलून पालथा ठेवला. तिचे डोळे भरले होते. "आणि मी ते कापत होते."

"तुला काय माहीत? वेडी कुठली."

"पुन्हा नाही सांगणार थांबायला. पण जेव्हा आपोआप थांबेल ना काका, तेव्हा एक क्षणही कापणार नाही. शपथ."

"नाटक मात्र नको. मुद्दाम थांबायचं म्हणजे तिची नक्कल केल्यासारखं होतं. आणि ती तर हसत सुटली असती."

त्यानंतर पुतणी नुसतीच टिपायची. सूचना नाहीत, घाई नाही. वेतवाले कॉफीच्या दुकानाच्या खुर्च्या एकामागून एक विणत होते. एका सुट्टीच्या दिवशी ती दारातल्या स्टुलावर मोबाईल घेऊन बसली आणि नुकताच टिपलेला सबंध व्हिडिओ बघून तिने पुन्हा सुरुवातीपासून लावला. मध्येच मागे नेला, पुढे नेला. वेतवाले आत काम करत होते. एवढं काय शोधतेय, म्हणून त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "काका, आज कुठेच थांबला नाहीत तुम्ही."

"कुठेच नाही?"

"कालच्यातही नाही. परवाचाही बघितला."

वेतवाल्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. खुर्चीच्या चौकटीखालून पलीकडची फरशी दिसत होती, झाडून स्वच्छ केलेली.

"बरं झालं," ते म्हणाले, "काम उरकतं लवकर." आणि पट्टी भोकात घालून, खाली वाकून, त्यांनी तिचं टोक स्वतःच ओढून घेतलं.