काठीसाठी पेटी

"अप्पा, पेट्या विकायच्यात मला, भाजायच्या न्हाईत!" मंजुनाथ जिन्याच्या सावलीतून ओरडला.

वीरभद्रप्पांनी मान वर केली नाही. क्लबच्या गच्चीच्या कठड्यावर त्यांनी बिलियर्डच्या काठीच्या तिन्ही पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक पेटीत निळ्या खडूचे दोन ठोकळे थोड्या अंतरावर ठेवले आणि त्यांवर एकेक मेणबत्ती आडवी टेकवली. मग झाकणं लावून कड्या बसवल्या. मे महिन्यातलं सोलापूर. कठड्याला चुकून हात लागला तरी माणूस हात झटकत होता.

"मेणबत्त्या एकाच पुड्यातल्या हायत तिन्ही," ते म्हणाले. "तासाभरानं बघू. जिच्यातली सरळ निघंल ती पेटी."

"आन् बाकीच्या दोन?"

"त्या तू विकशीलच की. तुझ्या जिभेला कुटं ऊन लागतंय!"

मंजुनाथ हसला. खेळाच्या सामानाचं त्याचं दुकान होतं, आणि या म्हाताऱ्याला फसवता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. काळ्या चामड्याची देखणी पेटी दाखवली तर वीरभद्रप्पांनी नाक आत घालून वास घेतला आणि म्हणाले, "सरस वाळला न्हाई अजून." चकचकीत ॲल्युमिनियमची दाखवली तर कानाशी धरून हलवली. आत काठीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटत होते. तिसरी लाकडाची, जड, रूपाला बेतास बात. आतून जाड बनातीचं अस्तर. त्या अस्तरावरून त्यांचं बोट दोनदा फिरलं. तरी नाक-कान फसतात, ऊन फसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

चाळीस वर्षं ते या क्लबात मार्कर होते. गुण मांडायचे, टेबलाच्या हिरव्या कापडाला ब्रश मारायचा, काठ्यांची टोकं बदलायची. आणि रोज सकाळी सभासद यायच्या आधी मांडणीतली एकेक काठी टेबलावर लोळवून बघायची. सरळ काठी गुपचूप लोळते. वाकलेली उड्या मारते. ज्याची वाकली त्याला ते बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचे, घरातलं दुखणं सांगावं तसं.

या महिनाअखेर ते घरी बसणार होते. निरोपाला काय द्यावं, घड्याळ की चांदीचं निरांजन, असं सेक्रेटरी बिभीषणरावांनी विचारलं, तेव्हा वीरभद्रप्पा म्हणाले, "साहेब, माझ्या काठीला एक चांगली पेटी द्या."

त्यांची काठी जुनी, दोन तुकड्यांची, मध्ये पितळी आटे. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी देऊन टाकलेली. दाक्षायणीनं, त्यांच्या बायकोनं, विरलेली चादर कापून तिला खोळ शिवली होती, तोंडाशी चादरीवरचा मोर बरोब्बर येईल अशी. दाक्षायणीला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सिद्धेश्वरी आली. बोअरच्या पंपाच्या दुकानदाराची पोर, कॉलेजात शिकणारी. क्लबात खेळणारी एकुलती एक मुलगी. खांद्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्हीकडून टोपण लावलेला, आत तिची काठी.

"आली पंपवाली," मंजुनाथ म्हणाला. "कुणाचा नळ गळतोय?"

"हसा की. कालच कंडक्टर म्हणाला, बाई, आमच्याबी मोरीचं बघा जरा." ती कठड्याकडं वळली. "अप्पा, हे काय? पेट्यांची पूजा?"

"परीक्षा हाय. तुझी कवा?"

"शुक्रवारी. सांगलीला टूर्नामेंट हाय."

"ह्या पाइपातनं नेणार? भट्टी हाय ती पोरी."

"दुसरं काय हाय माझ्याकडं?"

तास झाला. चामड्याच्या पेटीतली मेणबत्ती दोन ठोकळ्यांमध्ये झोळीसारखी झुकली होती. ॲल्युमिनियममधली तर खाली टेकून अस्तराला चिकटली होती. लाकडी पेटीतली जशी ठेवली तशी होती. वीरभद्रप्पांनी ती उचलून डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला.

"हीच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

खाली टेबलापाशी त्यांनी खोळीतून काठी काढली, आटे बसवून जोडली. सिद्धेश्वरी सहज म्हणाली, "लोळवा की अप्पा. आमच्या सगळ्यांच्या लोळवताय, तुमची कवा बघितलीच न्हाई."

"तिला काय हुतंय?" असं म्हणत त्यांनी काठी कापडावर ठेवून ढकलली.

काठी उड्या मारत गेली. टोक वर झालं, खाली झालं, पुन्हा वर झालं. पलीकडच्या कडेला टेकून थांबली.

मंजुनाथ खिडकीबाहेर बघू लागला.

वीरभद्रप्पांनी पुन्हा लोळवली. मग खोळ हातात घेतली. खोळीचा बंद दाक्षायणी गेली त्याच्या पुढच्या साली तुटला होता. तोवर काठी घरी खिळ्याला टांगलेली असे. बंद शिवू, शिवू म्हणून त्यांनी ती तात्पुरती, खोळीशिवाय घराच्या कोपऱ्यात टेकवली, ती आजपर्यंत. काठी भिंतीला टेकवू नका, वाकते, असं ते स्वतः सगळ्या क्लबाला सांगत.

"माझंच चुकलं, अप्पा. म्या उगं बोलले," सिद्धेश्वरी पुटपुटली.

"तू बोललीस म्हणून वाकली व्हय?" त्यांनी काठी उचलली. बुंध्यावर एक खाच होती, ती वर येईपर्यंत फिरवली, वाकले, आणि लांबचा लाल चेंडू कोपऱ्याच्या खिशात सरळ घातला. मग खाचेकडं बघत राहिले. "हाताला ठाव हुतं की," ते म्हणाले. "आठ वर्सं वाक सांभाळत खाच वर करूनच खेळतोय. हातानं मलाच तेवढं सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. हार, भाषण, पेढे. बिभीषणरावांनी लाकडी पेटी त्यांच्या हातात दिली. "काठी ठेवून दाखवा वीरभद्रप्पा! फोटो घेऊ."

"दाखवतो की," ते म्हणाले. "सिद्धेश्वरी, पाइप आण तुजा."

तिची स्वस्तातली काठी त्यांनी सगळ्यांसमोर टेबलावर लोळवली. गुपचूप लोळली. तुकडे वेगळे करून फडक्यानं पुसले, पेटीत ठेवले, कड्या लावल्या आणि पेटी तिच्याकडं सरकवली.

"अहो, पेटी तुमच्यासाठी आणलीय," बिभीषणराव गडबडले.

"मला दिली न्हवं? मग झालं. बसमधी उन्हाच्या बाजूला बसू नको गं."

घरी आल्यावर त्यांनी दाक्षायणीचा शिवणाचा डबा काढला. सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला. थुंकी लावून दोरा टोकदार केला, खिडकीच्या उजेडात सुई धरली, चारदा चुकला. मग चादरीच्या काठाची पट्टी दुमडून त्यांनी बंद शिवला. टाके मोठे आणि वाकडेतिकडे आले. ओढून बघितला, पुन्हा दोन टाके घातले.

खिळा होता तिथंच होता. खोळीत घालून टांगल्यावर काठी थोडी हलली, मोरासकट अर्धी फिरली, मग थांबली. कोपऱ्यातल्या भिंतीवर तिच्या टोकाच्या खडूचा निळा डाग राहिला होता. तो त्यांनी पुसला नाही.